अलाफिन कुणापुढे गुडघे टेकतो?

नैऋत्य नायजेरियातल्या योरुबांच्या जुन्या ओयो साम्राज्याचा विषय निघाला की त्याच्या घोडदळाचं कौतुक होतं. मला मात्र त्या राज्याची मुळं दोन ठिकाणी दिसतात, जिंकलेल्या गावांतल्या अजेलेंकडे आणि राजांच्या थडग्यांपाशी.

अजेले म्हणजे अलाफिनचा, ओयोच्या सम्राटाचा, मुक्कामी अधिकारी. गावचा राजा गादीवरच राहायचा. अजेले खंडणीवर लक्ष ठेवायचा आणि गावात काय शिजतंय ते ओयोला कळवायचा. हुकूम घेऊन इलारी यायचे. डोक्याची एक बाजू भादरलेली, त्यामुळे लांबूनच ओळखू यायचे. पुढे ही माणसं फार माजली. लिसाबी या पुढाऱ्याच्या मागे ओयोच्या अमलाखालचे एग्बा लोक उठले तेव्हा सहाशेहून जास्त इलारी कापले गेले, असं सॅम्युएल जॉन्सन लिहितो. जॉन्सन स्वतः योरुबा, ओयोतच पाद्री. त्याचा योरुबांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून झाला आणि १९२१ मध्ये छापला गेला.

त्याच ग्रंथात इयामोदे भेटते. तिच्यापाशी मी दर वेळी रेंगाळते. अलाफिनांना ‘बारा’ या राजघराण्याच्या दफनभूमीत, रात्रीच्या अंधारात पुरत. तिथल्या थडग्यांची देखभाल आणि पूजा इयामोदेकडे. राज्याभिषेकाच्या वेळी अलाफिन तिथे जायचा. त्यानंतर जायचा तो मेल्यावरच. ज्याच्यासमोर भलेभले सरदार लोटांगण घालायचे, तो या एकटीपुढे गुडघे टेकायचा, तिला वडिलांच्या जागी मानायचा आणि तशीच हाक मारायचा. तीही गुडघे टेकूनच उत्तर द्यायची. वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना इतर बायका कोपरावर कलून आडव्या व्हायच्या, तशी ती कधी झाली नाही. त्याचे पूर्वज तिच्या हवाली होते!

१८३० च्या दशकात जुनं ओयो ओस पडलं आणि जुन्या राजांची थडगी मागेच राहिली. अजेले नेमायची रीत पुढे इबादानने उचलली. पण इबादान ही मुळात लढवय्यांची छावणी. तिथे वंशपरंपरेचा राजा नव्हता, आणि सत्ताधाऱ्याने वाकावं अशी राजथडगीही नव्हती. ओयोच्या माणसांनीही जुलूम केला होता हे खरं, तरी इबादानचे अजेले एकिटी प्रदेशातल्या गावांना इतके असह्य झाले त्यामागे ही उणीवही होती, असं मला ठामपणे वाटतं. १८७८ मध्ये ओकेमेसीच्या फाबुन्मीने तिथल्या अजेलेचं मुंडकं उडवलं आणि एकिटी पेटली. किरिजीचं ते युद्ध १८९३ पर्यंत चाललं. लागोसच्या इंग्रज गव्हर्नरने दोन्ही छावण्या उठवल्या. त्याच वर्षी इबादानात इंग्रजांचा रेसिडेंट, कॅप्टन बोअर, येऊन बसला. दोन वर्षांनी त्याने अलाफिनच्या नव्या ओयोवर तोफा डागल्या.