पंधरा धड्यांचं विद्यापीठ

टोकियोहून चिबाच्या बाजूला जाताना माकुहारी लागतं. मोठमोठी प्रदर्शनं भरतात म्हणून ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्याच भागात 'होसो दाइगाकु'चं मुख्यालय आहे. शब्दशः अर्थ 'प्रक्षेपण विद्यापीठ'. १९८३ साली ते स्थापन झालं आणि १९८५ च्या एप्रिलपासून रेडिओ-टीव्हीवरून शिकवू लागलं. प्रवेश परीक्षा नाही. ज्या देशात कॉलेजच्या प्रवेशासाठी मुलं दोन-दोन वर्षं झोप विसरतात, त्या देशात हे केवढं धाडस होतं याची कल्पना इथे मुलं वाढवलेल्या पालकांना सांगायला नको!

या विद्यापीठाची आठवण झाली ती २०२० साली. त्या वसंतात इथल्या विद्यापीठांचे वर्ग बहुतेक ठिकाणी उशिरा आणि पडद्यावरच सुरू झाले. माझी मुलगी तेव्हा एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. आठ विषय, आठ शिक्षक आणि आठ तऱ्हा. एक सर सूचना 'बातम्या' या सदरात टाकत, दुसऱ्या बाई त्या व्याख्यानाच्या फाईलमध्ये तिसऱ्या पानावर लिहीत, तिसरे ईमेल करत. एका विषयाचा निबंध द्यायची तारीख अशीच कुठल्याशा फाईलच्या पोटात राहिली आणि तिचे गुण गेले. अभ्यास तिने केला होता. गृहपाठ आहे हेच तिला कळलं नव्हतं. शिक्षक काही वाईट नव्हते, उलट रात्र-रात्र जागून त्यांनी साहित्य तयार केलं होतं. पण सामान आणून दारात ओतलं म्हणजे घर लागत नाही.

होसो दाइगाकुने हे घर कसं लावलं आहे ते पाहण्यासारखं आहे. एका विषयाची पंधरा व्याख्यानं, प्रत्येक पंचेचाळीस मिनिटांचं. त्याच विषयाचं एक छापील पुस्तक, त्यातही पंधराच प्रकरणं. सातवं व्याख्यान आणि सातवं प्रकरण एकमेकांशी जुळलेलं. पुस्तक फीमध्येच येतं, वेगळं शोधायला जावं लागत नाही. विषयाच्या नावापुढे कंसात तो ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष छापतात, म्हणजे आपण किती जुना माल घेतोय हेही कळतं. (आपल्या काही प्राध्यापकांच्या पिवळ्या पडलेल्या नोट्सवर असा शिक्का असता तर!)

यामागे साधा हिशेब आहे. जपानी नियमाप्रमाणे एका क्रेडिटला पंचेचाळीस तासांचा अभ्यास धरतात. दोन क्रेडिटच्या विषयाला नव्वद. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सहा तास. शिक्षकाने चौथ्या आठवड्यात दहा तासांचं काम दिलं आणि पाचव्यात काहीच नाही, तर नोकरी सांभाळून शिकणारा माणूस चौथ्यातच गळतो. पदवीला लागतात १२४ क्रेडिट, त्यामुळे पहिल्याच विषयाने दम काढला की पुढचं सगळंच राहिलं.

पण मला सर्वांत शहाणपणाचं वाटलं ते सत्राच्या मध्यावरचं दार. अर्धा विषय झाला की एक स्वाध्याय पाठवावा लागतो. तो उत्तीर्ण झाला तरच शेवटच्या परीक्षेला बसता येतं. पहिल्यांदा हा जाच वाटतो. परंतु एकट्याने शिकणाऱ्याचा शत्रू अवघड विषय नसतो, 'पुढच्या रविवारी एकदम बघू' हा असतो. सत्र संपायला अवकाश असतानाच कुणीतरी विचारतं, 'आलात का इथवर?' शिवाय शेवटच्या परीक्षेत नापास झालात, तर पुढच्या सत्रात पुन्हा बसता येतं. दार कडक, पण कायमचं बंद नाही.

माध्यमं मात्र बदलत गेली. २०१५ पासून निव्वळ ऑनलाइन विषय आले, २०१८ च्या सप्टेंबरअखेर जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारं प्रक्षेपण थांबलं आणि उपग्रह वाहिन्या व इंटरनेट उरलं. धडे आणि हप्ते यांचा सांगाडा मात्र टिकला. म्हणून संगणकावर अभ्यासक्रम मांडणाऱ्याने आधी कागदावर पंधरा ओळी लिहाव्यात असं मला वाटतं. प्रत्येक ओळीत त्या आठवड्यात काय वाचायचं, काय पाहायचं, काय द्यायचं आणि कधीपर्यंत. ते जमत नसेल तर कितीही बटणं असलेली प्रणाली घ्या, उपयोग नाही.

आपल्याकडे हे काम झालंच नाही असं मात्र नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाच्या बाजूला त्याचा परिसर आहे आणि त्याला नाव दिलंय 'ज्ञानगंगोत्री'. त्यांच्या पुस्तकांत घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न आणि शेवटी सारांश अशी रचना असते. शेतावरून आल्यावर कंदिलाशी पुस्तक उघडणाऱ्याला मास्तर शेजारी नसताना आपलं चुकतंय की बरोबर आहे हे कळावं, ही त्यामागची कळकळ. बारावी न झालेल्यांसाठी त्यांनी पूर्वतयारीचा अभ्यासक्रमही काढला. लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या किती बायकांनी त्या वाटेने पुढे पदवी घेतली असेल!

इथेही तशा बायका आहेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे आल्या, भाषा हळूहळू शिकल्या, आणि आता मुलं शाळेत गेल्यावर दुपारी काय करायचं हा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. होसो दाइगाकुत प्रवेश वर्षातून दोनदा मिळतो, एप्रिल आणि ऑक्टोबरला. पदवी नको असेल तर एखाद-दुसरा विषयही घेता येतो. अभ्यासकेंद्रं सत्तेचाळीसही प्रांतांत आहेत. या प्रवेशावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, तेव्हा इथे राहण्याची सोय आधीपासून असायला हवी. आणि शिकवणं बहुतेक सगळं जपानीत आहे. निवांत दुपारी बीएस २३१ वाहिनी लावून एखादं व्याख्यान ऐकावं. निम्मं समजलं तरी माहितीपत्रक मागवायला हरकत नाही.