पक्षी एक, राज्ये तीन

राज्यप्राणी, राज्यपक्षी, राज्यवृक्ष आणि राज्यफूल यांच्या याद्या स्पर्धा परीक्षांच्या तयारीमुळे अनेकांना तोंडपाठ असतात. मात्र या चिन्हांना राज्यघटनेत कोठेही आधार नाही, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. राज्य शासन ती आपल्या निर्णयाने जाहीर करते, आणि तेवढ्याने संबंधित प्राण्याला वा झाडाला कोणतेही नवे कायदेशीर संरक्षण लाभत नाही. ते लाभायचे असल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींसारख्या कायदेशीर तरतुदींमधून लाभते. राज्यचिन्ह हे त्या अर्थाने निसर्गाविषयीचे विधान नसून राज्याने स्वतःविषयी केलेले विधान असते. या विधानात एक अडचण मुळातच दडलेली आहे, ती अशी की जीवजातींचा प्रसार पाऊस, माती आणि उंची यांवर ठरतो, तर भारतातील राज्यांच्या सीमा १९५६ नंतर प्रामुख्याने भाषेच्या आधारे आखल्या गेल्या, आणि हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले असता क्वचितच जुळतात.

नीलपंख ऊर्फ चास हा पक्षी याचे ठळक उदाहरण आहे, कारण तो एकाच वेळी तेलंगणा, कर्नाटक आणि ओडिशा या तीन राज्यांचा राज्यपक्षी आहे. अविभाजित आंध्र प्रदेशाचाही तोच राज्यपक्षी होता. २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळे झाल्यानंतर नव्या राज्याने त्याच वर्षी आपली चिन्हे जाहीर करताना हा पक्षी कायम ठेवला, तर आंध्र प्रदेशाने २०१८ मध्ये त्याच्या जागी पोपटाची निवड केली. मालमत्ता, पाणी आणि राजधानी यांच्या वाटणीचे वाद गाजत असताना पक्ष्याची वाटणी मात्र अशी विनातक्रार पार पडली, हे नमूद करण्याजोगे आहे. तेलुगूत पालपिट्टा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पक्ष्याचे दसऱ्याच्या दिवशी दर्शन घडणे तेलंगणात शुभ मानले जाते, आणि शासनाने तो ठेवण्यामागे हीच लोकरूढी होती.

नीलपंख बसलेला असताना तपकिरी, काहीसा मळकट दिसतो आणि उडताच त्याच्या पंखांतील गडद व फिकट निळ्या पट्ट्या उघडतात. हा निळा रंग मात्र रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या बारीक तंतूंमध्ये केराटिन हे प्रथिन आणि हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या यांची स्पंजासारखी जाळी असते, तिच्यातून निळ्या तरंगलांबीचा प्रकाश अधिक तीव्रतेने परत फिरतो, आणि तिच्याखालचे मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य उरलेला प्रकाश शोषून घेते. रचनेतून उमटणाऱ्या अशा रंगाला संरचनात्मक रंग म्हणतात, आणि पीस कुटून जाळी मोडली की तो नाहीसा होतो. शुभशकुनाची ही ख्याती पक्ष्याला महागातही पडते, कारण दसऱ्याच्या सुमारास नीलपंख पकडून, पिंजऱ्यात घालून, पैसे घेऊन दर्शन घडवण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२३ च्या देशव्यापी अहवालात नीलपंखाची संख्या लक्षणीयरीत्या घटत असल्याचे नोंदवून त्याच्या धोक्याच्या श्रेणीचा फेरविचार व्हावा, असे सुचवण्यात आले. तीन राज्यांचा मान त्याला या घसरणीपासून वाचवू शकलेला नाही.

तेलंगणाच्या यादीतील फूल मात्र अधिक बोलके आहे. अविभाजित राज्याचे फूल कमळासारखे दिसणारे, पाण्यातले होते. तेलंगणाने त्याऐवजी तंगेडू, म्हणजे मराठीत ज्याला तरवड म्हणतात, ते निवडले. दख्खनच्या पठारावर माळरानात, रस्त्याच्या कडेला, कोणी न लावता उगवणारे हे पिवळ्या फुलांचे झुडूप असून त्याच्या सालीतील टॅनिनमुळे चामडे कमावण्यासाठी ते पूर्वापार वापरले जात असे. भाद्रपद अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत चालणाऱ्या बतुकम्मा या सणात स्त्रिया ताटात तंगेडू आणि गुनुगू, म्हणजे कुरडू, यांच्या फुलांचे थरावर थर रचून निमुळता डोलारा उभा करतात, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि अखेर तो गावच्या तळ्यात सोडतात. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरणाऱ्या महाराष्ट्रातील भोंडल्याशी या सणाचे नाते कोणाच्याही ध्यानात यावे. वेगळ्या राज्याच्या चळवळीत बतुकम्मा हा तेलंगणाच्या वेगळेपणाचा जाहीर आविष्कार ठरला, आणि राज्य झाल्यावर त्याला राज्यउत्सवाचा दर्जा मिळाला. पडीक जमिनीवरचे झुडूप राज्यफूल झाले ते या मार्गाने, सौंदर्याच्या कसोटीवर नव्हे.

तरवडाच्या फुलात मध नसतो. भेट देणाऱ्या कीटकाला ते केवळ पराग देऊ करते, आणि तोही सहजासहजी देत नाही, कारण त्याच्या परागकोशांना उभी चीर न पडता टोकाशी लहान छिद्र असते. काळे भुंगे फूल घट्ट धरून छातीच्या स्नायूंनी विशिष्ट गतीने थरथरतात, तेव्हा त्या छिद्रांतून परागाचा फवारा बाहेर पडतो. मधमाश्यांना हे तंत्र साधत नाही. फुलातील काही पुंकेसर भुंग्याला खाण्यापुरता पराग पुरवतात, तर लांब, वाकडे पुंकेसर त्याच्या अंगावर अशा जागी पराग सोडतात, की तो पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसरापर्यंत पोहोचावा. ज्या माळांना महसुली भाषेत पडीक म्हटले जाते, तेथे अशी काटेकोर व्यवस्था अखंड चालू असते.

तेलंगणाचा राज्यवृक्ष जम्मी म्हणजे शमी असून, दसऱ्याला तिची पाने सोने म्हणून एकमेकांना दिली जातात, जो मान महाराष्ट्रात आपट्याच्या पानांकडे आहे. हाच वृक्ष खेजडी या नावाने राजस्थानचाही राज्यवृक्ष आहे, पण तेथे त्याच्याशी जोडलेली स्मृती अगदी निराळी आहे: १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी ही झाडे तोडू नयेत म्हणून अमृतादेवी यांच्यासह ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिल्याचे सांगितले जाते. खोलवर जाणारी मुळे आणि मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साह्याने हवेतील नायट्रोजन जमिनीत स्थिर करण्याची क्षमता यांमुळे शमी कोरड्या प्रदेशात तग धरते, हे दोन्हीकडे सारखेच. एका राज्याने तिच्यात महाभारतातील अज्ञातवासात लपवलेली पांडवांची शस्त्रे पाहिली, दुसऱ्याने आपले हुतात्मे.

महाराष्ट्राची जुनी यादी याच्या तुलनेत कार्यालयीन वाटते. आंबा हा राज्यवृक्ष भारतभर आढळतो. ताम्हण हे राज्यफूल महाराष्ट्रदिनाच्या सुमारास कोकणातील ओढ्याकाठी बहरते खरे, पण तोच वृक्ष फिलिपिन्सपर्यंत पसरलेला आहे. आणि हरियाल हा पिवळ्या पायांचा हिरवा पारवा वड, पिंपळ, उंबर जेथे आहेत तेथे जवळपास सर्वत्र आढळतो. शेकरू हा राज्यप्राणी मात्र या यादीतील अपवाद म्हणावा लागेल. जात म्हणून ही मोठी खार द्वीपकल्पीय भारतातील अनेक राज्यांत आहे, परंतु जंगलांचे पट्टे एकमेकांपासून तुटत गेल्यामुळे तिचे ठिकठिकाणचे रंगभेद निर्माण झाले असून, भीमाशंकर परिसरातील लालसर तपकिरी पाठीच्या व फिकट शेपटीच्या शेकरूला स्वतंत्र उपप्रजाती मानले जाते. तिचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये केले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव तिला दिले. मराठी मुलखाचा हा मानबिंदू शास्त्रीय दप्तरात पेशवाई बुडवणाऱ्याच्या नावाने नोंदलेला आहे, हा इतिहासाचा चिमटाच म्हटला पाहिजे. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते, एका फांदीवरून दुसरीवर लांब झेपा घेते आणि पाने-काटक्यांची एकाहून अधिक घरटी बांधते, त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असणे ही तिची मूलभूत गरज ठरते. रस्ता रुंद होऊन शेंड्यांमध्ये मोठे अंतर पडले, तर जंगल कागदावर तेवढेच राहते, पण शेकरूच्या दृष्टीने त्याची दोन जंगले होतात. भीमाशंकरला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळण्यामागे हा प्राणी होता.

गेल्या दशकभरात महाराष्ट्राची यादी वाढत गेली. २०१५ मध्ये राणी पाकोळी हे राज्यफुलपाखरू ठरले, आणि असे फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य बनले. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष झाला. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, आणि येथे निवडीचा सूर बदललेला दिसतो, कारण ही मागणी पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांकडून, मासा कमी होत चालल्याच्या तक्रारीसह आली होती. वयात न आलेली पिल्ले जाळ्यात सापडून विकली गेली की अंडी घालणारे मासे उरत नाहीत, हे कोळीवाड्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडण्यास मनाई करणारा नियमही त्याच वर्षी आला. दरम्यान या माशाची शास्त्रीय ओळखही तपासली जात आहे. पाठ्यपुस्तकांत त्याला पाम्पस अर्जेंटियस म्हटले जाते, परंतु भारतीय पाण्यातील पापलेट पूर्व आशियातील त्या जातीहून वेगळे असल्याचे जनुकीय अभ्यासांतून दिसल्यामुळे, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए यांनी १८२९ मध्ये दिलेले कँडिडस हे विस्मृतीत गेलेले जातिनाम पाम्पस कँडिडस या रूपात पुन्हा वापरात आले आहे.

गुजरातने २०२३ मध्येच घोळ हा राज्यमासा ठरवला, ज्याच्या फुग्याला, म्हणजे बोताला, परदेशात मोठी किंमत मिळत असल्याने पालघरच्या बोटीही त्याच्या शोधात असतात. मासेमारीचे नियम करण्याचा राज्यांचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत चालतो आणि त्यापलीकडील पाणी केंद्र शासनाच्या अखत्यारीत येते, त्यामुळे दोन्ही राज्यांच्या या माशांना किती मोठे होऊ द्यायचे, हा प्रश्न काही अंशी दिल्लीच्याही हाती आहे.