पायाला विचारून शेक घेऊ नका

लीड्समध्ये डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. मराठी घरांत याच दिवसांत एक तक्रार ऐकू येऊ लागते, "पाय नुसते बर्फ झालेत." तक्रार करणारं माणूस बहुधा साठी ओलांडलेलं आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारं असतं. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली आई असेल, नाहीतर उभा जन्म यॉर्कशरमध्ये काढलेले काका. घरातले सगळे मायेनं एकच उपाय सुचवतात, शेक घ्या. मग गरम पाण्याची पिशवी येते, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी येते, बादलीत कढत पाणी ओतलं जातं, नाहीतर खुर्ची ओढून तळवे सरळ रेडिएटरला टेकवले जातात. मधुमेहानं नसा बधिर झालेल्या किंवा रक्तपुरवठा मंदावलेल्या पायांना याच उपायांनी इजा होऊ शकते.

"सोसेल इतकंच गरम घेते, भाजण्याइतकं नाही." हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो इतका समजूतदार वाटतो की त्यावर कुणी शंका घेत नाही. पण सोसतंय की नाही हे सांगायचं काम ज्या नसांचं, त्याच नसा अधू झालेल्या असतात. मधुमेहात सर्वांत लांब नसांना आधी झळ बसते, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर चढतो. गरम, गार आणि वेदना कळवणारे तंतू बारीक असतात, तेही लवकर निकामी होतात. त्यामुळे तळवा भाजत असताना त्या माणसाला "छान ऊब लागतेय" असंच वाटत राहू शकतं. मोज्याला ओल लागलेली दिसते, फोड फुटलेला सापडतो, तेव्हा कुठे कळतं.

दुसरी अडचण रक्ताची. निरोगी कातडीला उष्णता लागली की तिथलं रक्त ती उष्णता वाहून नेतं. धमन्या अरुंद झालेल्या पायात हे जमत नाही, उष्णता तिथेच साठते. शिवाय तापलेल्या पेशींना जास्त प्राणवायू लागतो, आणि तो आणणारं रक्तच अपुरं असतं. म्हणजे ज्या शेकानं धडधाकट माणसाचा पाय फक्त लालसर होईल, त्याच शेकानं या पायाला जखम होऊ शकते, आणि ती भरायला महिने लागू शकतात. 'नाइस' या ब्रिटिश मार्गदर्शक संस्थेच्या मधुमेही पायाविषयीच्या सूचनांत एक आकडा दिलेला आहे. मधुमेहात पाय कापावा लागतो त्यांतल्या 80 टक्क्यांहून अधिक जणांना आधी पायावर जखम झालेली असते. म्हणून एका फोडाची मला एवढी धास्ती वाटते.

भाजायला उकळतं पाणी लागत नाही. 1947 साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकी संशोधकांनी कोणत्या तापमानाला कातडी किती वेळात भाजते हे मोजलं. 60 अंश सेल्सिअसला साधारण 5 सेकंद पुरतात. 44 अंशांना सुमारे 6 तास लागतात, आणि तिथून 51 अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला तो वेळ साधारण निम्मा होत जातो. 44 अंश म्हणजे अंगाच्या तापमानापेक्षा जेमतेम सात अंश जास्त. अनेकांना सुखद वाटू शकेल असं, आणि सहा तास म्हणजे एक झोप. पायाशी पिशवी घेऊन झोपलेल्या माणसाच्या टाचेला रात्रभरात काय होऊ शकतं, ते या दोन आकड्यांत आलं. हे आकडेही निरोगी, रक्त नीट खेळत असलेल्या कातडीचे आहेत.

म्हणून तापमान मोजायचं. लीड्सला तर ते शोभून दिसतं. लीड्स जनरल इन्फर्मरीत काम करणाऱ्या थॉमस क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरांनी 1866-67च्या सुमारास सहा इंची, खिशात मावणारा आणि पाच मिनिटांत ताप सांगणारा थर्मामीटर तयार करवून घेतला. त्याआधीचे थर्मामीटर फूटभर लांब असत आणि वीस मिनिटं धरून बसावं लागे. कपाळाला हात लावून केलेला अंदाज आणि काचेच्या नळीतला पारा यांत कशावर विसंबायचं हा प्रश्न त्या छोट्या नळीनं घरोघरच्या तापापुरता सोडवला. पायाच्या बाबतीत आपण अजून अंदाजावरच आहोत.

लहान बाळांच्या आंघोळीचा थर्मामीटर औषधांच्या कुठल्याही मोठ्या दुकानात स्वस्तात मिळतो. पाय धुवायच्या पाण्यात तो आधी बुडवायचा आणि पारा 37च्या पुढे असेल तर गार पाणी मिसळायचं. इथल्या जुन्या घरांत गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे असतात, आणि जंतू वाढू नयेत म्हणून टाकीतलं पाणी 60 अंशांच्या वर तापवून ठेवलेलं असतं. तेव्हा बादलीत नेहमी गार पाणी आधी, गरम नंतर. थर्मामीटर नसेल तर जाणीव शाबूत असलेल्या दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघावं. मिठाच्या पाण्यात अर्धा तास पाय सोडून बसणंही बंद करायला हवं. त्यानं कातडी आधी पांढरी पडून भुसभुशीत होते, मग कोरडी पडते आणि टाचेला भेगा जातात. दोन-तीन मिनिटांत पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात आणि टाचेला मलम लावावं. बेचक्यांत मात्र ते लावायचं नाही.

गरम पाण्याची पिशवी मी घरातून हद्दपार करायला सांगणार नाही, कारण लीड्सच्या हिवाळ्यात गार गादी हा खरोखरच छळ आहे. पिशवी झोपायच्या तासभर आधी गादीत ठेवा आणि माणूस गादीत शिरण्याआधी बाहेर काढा. विजेच्या ब्लँकेटलाही हाच नियम, आधी गादी तापवायची, मग बटण बंद करून झोपायचं. पिशवीत किटलीतलं उकळतं पाणी थेट ओतू नये. तिच्या गळ्याशी एक छोटं फूल कोरलेलं असतं, तेही पाहून ठेवा. मधला आकडा बनावटीचं वर्ष, बारा पाकळ्या म्हणजे बारा महिने आणि पाकळीतले ठिपके म्हणजे आठवडे. रबर दोन-तीन वर्षांत थकतं. भारतातून येताना बॅगेत घालून आणलेली, दहा वर्षांची "अजून चांगली आहे" अशी पिशवी रात्री फुटली तर बधिर पायाला ते कळायलाही वेळ लागतो.

रेडिएटर दिसायला गरीब वाटतो, कारण त्यात ना जाळ ना निखारा. पण त्याचा पत्रा 60 अंशांच्या पुढे जाऊ शकतो. इथल्या रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत रेडिएटरचा पृष्ठभाग 43 अंशांच्या वर जाऊ नये असा दंडक आहे, तो उगाच नाही. घरच्या रेडिएटरला असं बंधन नसतं. नडगीवर किंवा पोटरीवर तपकिरी, जाळीसारखे डाग उमटलेले दिसले, तर ते माणूस रोज उष्णतेच्या फार जवळ बसतंय असं समजावं. मायक्रोवेव्हमध्ये तापवायच्या गव्हाच्या पिशव्या, बुटात ठेवायच्या रासायनिक पुड्या, गाडीत थेट पावलांवर सोडलेला हीटर, बोटं सुकवायला धरलेला हेअर ड्रायर, हे सगळं बधिर पायापासून लांबच ठेवावं.

आता "पाय गार पडतात म्हणजे तिथे रक्त पोचत नाही" हा समज. कधी खरा, कधी साफ खोटा. अधू झालेल्या नसा चुकीचे निरोप पाठवतात, आणि पाय कोमट असूनही मेंदूला "गार, गार" असंच ऐकू येतं. अशा पायाला कितीही शेक दिला तरी गारवा जात नाही, आणि मग माणूस आणखी गरम पाणी मागतं. ओळखायची रीत सोपी आहे. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हाताची मागची बाजू पावलाला लावून बघायची. हाताला पाय उबदार लागला आणि त्या माणसाला मात्र तो गार वाटत असेल, तर दोष नसांचा असण्याची शक्यता जास्त. पाय खरोखर गार लागला, रंग फिका किंवा निळसर असला, कातडी चकचकीत दिसली, चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावं लागलं, तर धमन्या तपासून घ्यायला हव्यात. त्यासाठी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात. ते 0.9च्या खाली गेलं तर धमन्या अरुंद झाल्याचं मानतात. मधुमेह्यांत धमन्या कडक होऊन आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, म्हणून डॉक्टर कधी पायाच्या अंगठ्याचाही दाब बघतात.

जाणीव किती उरली आहे याचा अंदाज घरीही घेता येतो. इप्सविच इस्पितळातल्या डॉक्टरांनी सुचवलेल्या या तपासणीला कुठलंच उपकरण लागत नाही. आईला डोळे मिटायला सांगा. तर्जनीच्या टोकानं तिच्या एका पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा, मग दुसऱ्या पायाच्या त्याच तीन बोटांना. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या करू नका. स्पर्श कळला की तिनं "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श निसटले तर जाणीव कमी झाली आहे असं धरून जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांची, वेळ घ्या. सगळे कळले तरी वर्षातून एकदा होणारी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची पायांची तपासणी चुकवू नका.

पाय गार वाटण्यामागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्याही असू शकतात. आपल्या लोकांत मला आणखी एक कारण महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे बी-12ची कमतरता. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानं शरीरातलं बी-12 घटू शकतं, आणि शाकाहारी जेवणातून ते आधीच कमी मिळतं. या कमतरतेनं येणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणा हुबेहूब मधुमेहानं नसा अधू झाल्यासारखाच असतो. 2022 मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत अशी लक्षणं दिसली तर बी-12 तपासावं, असं डॉक्टरांना कळवलं होतं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या, कटाक्षानं शाकाहारी असलेल्या सासूबाईंसाठी ही तपासणी आपणहून मागून घ्यावी.

मग ऊब कशी आणायची? पावलांच्या आधी अंग आणि घर. छाती-पोट गार पडलं की शरीर आतल्या अवयवांसाठी ऊब राखून ठेवतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते. म्हणून नुसत्या मोज्यांवर भागत नाही. आत थर्मल बनियन, डोक्याला टोपी आणि साडीखाली लोकरी लेगिंग हवं, कारण पावलात उतरणारं रक्त पोटरीतूनच जातं. माणसं राहतात ती खोली निदान 18 अंशांना ठेवा, असं इथलं आरोग्य खातं सांगतं. बिलाच्या भीतीनं हीटिंग बंद ठेवून बादलीत कढत पाणी घेण्यापेक्षा एकच खोली नीट तापवून तिथे बसणं बरं.

मोज्यांवर मोजे चढवल्यानं ऊब वाढते असंही नाही. बूट तोच राहतो, आत बोटं चेपतात, आणि ऊब धरून ठेवणारी हवाच उरत नाही. लोकरीचा सैल, आत जाड शिवण नसलेला, वरचं इलॅस्टिक पोटरीत रुतत नाही असा एक जोड पुरे. लीड्स लोकरीवर वाढलेलं गाव आहे. आर्म्लीची गिरणी एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या लोकर गिरण्यांपैकी होती, आज तिथे संग्रहालय आहे. लोकर घाम शोषूनही ऊब देते. सुती मोजा ओला झाला की पाय गारठवतो. मोजे पाय गार पडल्यावर नव्हे, सकाळी उठल्या उठल्या घालायचे. आणि दारात चपला काढून घरभर अनवाणी फिरायची आपली सवय इथल्या लॅमिनेटच्या गार फरशीवर महागात पडते. घरातल्या वापराचा बंद टाचेचा स्लिपर वेगळा ठेवावा, आणि तो घालण्याआधी आत हात फिरवून खडा किंवा टाचणी नाही ना हे बघावं.

खरी ऊब स्नायूंतून येते. दर अर्ध्या तासानं उठून चार फेऱ्या, बसल्या बसल्या घोटे वर-खाली. चालताना पोटरी दुखते म्हणून चालणं सोडू नये. धमन्या अरुंद झालेल्यांसाठी 'नाइस'नं देखरेखीखालचा व्यायामच सुचवला आहे, आठवड्याला 2 तास, 3 महिने. पायावर जखम असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. तंबाखूची मशेरी असो की सिगारेट, धमन्या आवळण्याचं काम दोन्ही करतात. घोटभर ब्रँडीनं कातडीला ऊब वाटते, पण तीच ऊब शरीरातून बाहेर पडत असते. झोंबणारे बाम बधिर पायाला लावू नयेत. सूज उतरावी म्हणून दुकानातून आणलेले घट्ट दाबाचे मोजे धमन्यांची तपासणी झाल्याशिवाय चढवू नयेत.

पाय गारच असतात म्हणणाऱ्या माणसाचा एक पाय अचानक गरम, लाल आणि सुजलेला दिसला, तर "बरं झालं, रक्त खेळायला लागलं" असं कुणी म्हणू नये. ते जंतुसंसर्गाचं किंवा आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असल्याचं लक्षण असू शकतं. दुखत नसलं तरी त्या पायावर भार न देता त्याच दिवशी जीपीला किंवा 111 या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. नवा फोड, जखम, काळपट डाग यांनाही हाच नियम. एक पाय एकाएकी गार, पांढराफटक आणि असह्य दुखरा झाला तर 999 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांसाठी "आपल्याला इथलं इस्पितळ चालेल का" असा विचार करत कुणी रात्र काढू नये. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातले उपचार पाहुण्यांनाही मोफत आहेत, जीपीकडे तात्पुरती नोंदणी होते. पुढे दाखल व्हावं लागलं तर बिल येऊ शकतं, म्हणून भारतातून निघतानाच प्रवासविम्यात मधुमेहाचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा, आणि गोळ्यांची यादी व शेवटचा एचबीए1सीचा अहवाल पासपोर्टसोबत ठेवावा.