पाण्यांतील फ्लोराईड व तें काढण्याच्या नव्या रीती

वणी, झरी-जामणी व केळापूर या तालुक्यांतील कांहीं गांवच्या कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराईड प्रमाणाबाहेर आढळतें. तें कोणी पाण्यांत मिसळलेलें नाहीं; खडकांतून पाणी झिरपतांना तें त्यांत विरघळतें. बहुधा उथळ विहिरीपेक्षां खोल कूपनलिकेंत तें अधिक असतें. पाणी दिसण्यांत निर्मळ असल्यामुळें संशय येत नाहीं.

भारतीय मानकाप्रमाणें दर लिटरास १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतें. दुसरी सोय नसल्यास १.५ पर्यंत. त्याहून अधिक असलेलें पाणी लहान मुलें वर्षानुवर्षें प्याल्यास त्यांच्या कायमच्या दांतांवर डाग पडतात, आणि प्रमाण फार असल्यास पुढें हाडें व सांधे ताठरतात. ही हानि मागाहून भरून निघत नाहीं.

पाणी उकळल्यानें जंतु मरतात, फ्लोराईड जात नाहीं; उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांत ‘नलगोंडा’ पद्धत बसविली. तींत तुरटी व चुना मोजून घालून पाणी ढवळतात. फ्लोराईड गाळाबरोबर तळीं बसतें. अलीकडे तुरटीऐवजीं ॲल्युमिनियमच्या पत्र्यांतून वीज सोडून हेंच कार्य साधतात. सौर विजेवरही तें चालतें. ॲल्युमिनाच्या दाण्यांची गाळणी फ्लोराईड शोषून घेते, परंतु कांहीं काळानें दाणे धुवून पुन्हां कार्यक्षम करावे लागतात. ‘आरओ’ यंत्रही फ्लोराईड काढतें. मात्र त्यांत बरेंच पाणी वायां जातें.

यंत्र कोणतेंही असो, निघालेलें फ्लोराईड नाहींसें होत नाहीं. तें गाळांत वा टाकाऊ पाण्यांत सांचतें. तें विहिरीजवळ ओतणें म्हणजे काढलेलें विष पुन्हां घरीं आणणें होय.

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते. तिच्या पाण्यांत काय आहे याची नसते. म्हणून आमच्या शेतकरी बंधूंस आमची सूचना अशी कीं, प्रथम प्रत्येक कूपनलिकेचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें व तारखेसह वहींत नोंदवावें. जवळच्या विहिरीचें पाणी चांगलें निघाल्यास पिण्यास व स्वयंपाकास तेंच राखावें. तसें नसेल तरच यंत्र घ्यावें, आणि किमतीबरोबरच देखभाल, गाळाची विल्हेवाट व वारंवार तपासणी यांच्या खर्चाची तरतूद आधीं करावी. तपासणीवांचून चालणारें यंत्र केवळ समाधान देतें. मुलांचे दांत तें वांचवीलच असें नाहीं.