मोठ्या पोर्टचा मोह : हॉट रॉडच्या सिलिंडर हेडविषयीचे गैरसमज

शेव्हरोलेचे स्मॉल-ब्लॉक व्ही-8 इंजिन 1955 साली आले आणि अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनी ते लगेच उचलून धरले. त्याआधी त्यांची मुख्य भिस्त होती फोर्डच्या 1932च्या फ्लॅटहेड व्ही-8वर. त्यात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असायचे. हेड म्हणजे नुसते झाकण, ते बदलून फार तर कॉम्प्रेशन वाढायचे. स्मॉल-ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, हेडमध्ये आल्या, आणि इंजिन किती हवा घेणार हे हेडवर ठरू लागले. आज या एका इंजिनासाठी एडलब्रॉक, एएफआर, डार्ट, ट्रिक फ्लो, ब्रॉडिक्स अशा कंपन्यांची कितीतरी हेड्स मिळतात. इंजिन बांधताना सगळ्यात जास्त पैसे बहुधा इथेच जातात, आणि ऐकीव गोष्टींवर विसंबून चुकीची खरेदीही इथेच होते. पुढचे सगळे विवेचन 350 घन इंचांच्या, रस्त्यावर चालवायच्या इंजिनाला धरून आहे.

गैरसमज : पोर्ट जितके मोठे, तितकी ताकद जास्त

हेडच्या नावापुढे 180, 195, 210 असे आकडे असतात. ते इनटेक पोर्टचे आकारमान, सीसीमध्ये. थोडेसेच जास्त पैसे घालून 210 मिळत असेल तर 180 का घ्यायचे, असा विचार सहज मनात येतो.

वस्तुस्थिती अशी की 2500 आरपीएमवर इंजिन ओढते ती हवा 5000च्या मानाने साधारण निम्मी असते. तेवढीच हवा रुंद पोर्टमधून गेली की तिचा वेग पडतो. वेग पडला की कार्ब्युरेटरमधून आलेले पेट्रोलचे थेंब हवेतून सुटून पोर्टच्या भिंतीला चिकटतात. दुसरा तोटा त्याहून मोठा आहे. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला, तरी इनटेक व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. हवेला वेग असेल तर ती स्वतःच्या जोरावर त्या वेळातही सिलिंडरमध्ये घुसत राहते; संथ असेल तर वर येणारा पिस्टन तिला उलट मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. कॅम जितका जहाल, तितका व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि हे ढकलणे वाढते. मोठे पोर्ट आणि जहाल कॅम अशी जोडी जमवलेली गाडी सिग्नलवरून निघताना मरगळलेली का वाटते, ते यातून कळावे.

रस्त्यावरच्या 350साठी 180 ते 195 सीसीचे चांगले हेड पुरते. 210 आणि पुढची हेड्स शोभतात ती 383सारख्या लांब स्ट्रोकच्या किंवा 6500च्या वर फिरणाऱ्या इंजिनांना. गाडी आठवड्यातून एकदा ड्रॅग स्ट्रिपवर आणि बाकी दिवस रस्त्यावर चालणार असेल, तर मी बिनदिक्कत लहान पोर्टच्या बाजूने कौल देईन.

गैरसमज : फ्लो बेंचवर ज्याचा आकडा मोठा, ते हेड सरस

फ्लो बेंचवर हेडमधून ठरावीक दाबाने हवा ओढतात आणि मिनिटाला किती घनफूट हवा गेली ते मोजतात. अमेरिकेत हा दाब बहुतेक 28 इंच पाण्याचा असतो. 25 इंचांवर मोजलेला तोच प्रवाह 28वर नेला की आकडा सुमारे 6 टक्क्यांनी फुगतो. हेड सुधारलेले नसते, मोजमाप बदललेले असते. म्हणून दाब कोणता हे आधी विचारावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकडा कोणत्या लिफ्टवरचा आहे. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापतात तो बहुधा 0.600 इंच लिफ्टवरचा. तुमचा कॅम व्हॉल्व्हला 0.480 इंचच उचलत असेल, तर त्या आकड्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. शिवाय व्हॉल्व्ह कमाल उंचीवर एकदाच पोचतो, 0.200, 0.300, 0.400 या उंचींवरून तो जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा जातो. हेडची तुलना करायची ती या मधल्या ओळींवर. 195 सीसीचे हेड या ओळींत 210च्या बरोबरीने हवा देत असेल, तर ते जास्त चांगले हेड आहे, कारण कमी जागेतून तेवढीच हवा जाते आहे.

गैरसमज : ॲल्युमिनियम म्हणजे आपोआप जास्त हॉर्सपॉवर

ताकद येते ती पोर्ट आणि चेंबरच्या आकारातून. आकार आणि कॉम्प्रेशन सारखे ठेवले, तर बीडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये हॉर्सपॉवरचा फार फरक पडत नाही. ॲल्युमिनियमचे खरे फायदे वेगळे आहेत : जोडीमागे सुमारे 20 किलो वजन कमी होते, तडा गेला तर वेल्डिंग करणे सोपे जाते. बदल्यात काही पथ्ये पाळावी लागतात. बोल्टखाली कडक वॉशर हवेत, आणि रेडिएटरमध्ये साधे पाणी न घालता गंजरोधक कूलंट घालायलाच हवे. हात आखडता असेल तर बीडाची आफ्टरमार्केट हेड्सही उत्तम मिळतात.

गैरसमज : चेंबरचा आकार पाहिला नाही तरी चालते

350च्या एका सिलिंडरचे आकारमान साधारण 717 सीसी. सपाट माथ्याचे, व्हॉल्व्हसाठी खाचा असलेले पिस्टन, ते डेकच्या, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाटीच्या, 25 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) खाली आणि गॅस्केट 39 थाऊ जाडीचे धरले, तर 64 सीसीच्या चेंबरने कॉम्प्रेशन 9.6च्या आसपास येते. तिथेच 76 सीसीचे हेड लावले की ते साडेआठवर उतरते. नव्या हेडसाठी भरपूर पैसे मोजून पहिल्यापेक्षा मंद इंजिन मिळण्याचा हा हमखास मार्ग आहे. उलट टोकाला, घुमटाकार पिस्टनवर लहान चेंबर बसवले तर 91-93 ऑक्टेनचे पंपावरचे पेट्रोलही नॉकिंग थांबवू शकत नाही.

कॅटलॉगमधल्या आकड्यावर न थांबता चेंबर स्वतः मोजावा. प्लग आणि व्हॉल्व्ह बसवून हेड उलटे ठेवायचे, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवायची, आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट सोडत जायचे. शेवटचा बुडबुडा निघून गेला की ब्युरेटवर वाचायचे.

गैरसमज : जुनी ‘डबल हम्प’ हेड्सच खरी

1960च्या दशकातल्या कॉर्व्हेटवरची ही हेड्स त्या काळी अव्वल होती, आणि जुन्या गाडीचे अस्सलपण जपायचे असेल तर आजही तीच घ्यावीत. ताकदीसाठी मात्र 1996 पासून जनरल मोटर्सच्या ट्रकवर आलेली बीडाची व्होर्टेक हेड्स त्यांच्यापेक्षा सरस आहेत. त्यांना इनटेक मॅनिफोल्ड वेगळे लागते, बाराऐवजी आठ बोल्टचे. आणि मूळ स्थितीत सुमारे 0.460 इंचापुढची लिफ्ट त्यांना झेपत नाही. डबल हम्प घेणारच असाल तर आणखी एक गोष्ट पाहा : 1969 पूर्वीच्या हेडच्या टोकांना अल्टरनेटरचे ब्रॅकेट बसवायची भोके नसतात.

गैरसमज : पेटीतून काढले, बसवले, झाले

तयार जोडलेल्या हेडवरच्या स्प्रिंग्ज एका ठरावीक लिफ्टसाठी असतात. तुमचा कॅम त्यापलीकडे जात असेल तर त्या बदलाव्याच लागतात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली जागा तपासायला पिस्टनवर मॉडेलिंग क्लेचा थर द्यावा, हेड जुन्या गॅस्केटवर आवळावे, क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा आणि हेड काढून क्ले ब्लेडने कापून मोजावी. इनटेकला 80 आणि एक्झॉस्टला 100 थाऊंपेक्षा कमी जाडी उरली, तर काम तिथेच थांबवावे. 305 घन इंचांच्या स्मॉल-ब्लॉकच्या 3.736 इंची बोअरमध्ये 2.02 इंची व्हॉल्व्ह घालू नये. तो सिलिंडरच्या भिंतीला इतका खेटतो की हवेची वाटच अडते.

पुशरॉडही जुनेच वापरू नयेत. व्हॉल्व्हची लांबी बदलली की पुशरॉडची बदलते. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावून इंजिन हाताने फिरवले की रॉकरचा घासल्याचा पट्टा दिसतो. तो अरुंद आणि मध्याजवळ येईपर्यंत कमीजास्त होणारा चेकिंग पुशरॉड फिरवत राहायचे, आणि मगच त्या लांबीचे सोळा नग मागवायचे.