‘बोलून मोकळं हो’ : हा सल्ला तपासला तेव्हा काय निघालं?

गावावर दरड कोसळते, भूकंप होतो. मदतीच्या गाड्यांमागोमाग समुपदेशन करणारेही पोहोचतात आणि वाचलेल्यांना ‘काय काय झालं ते सगळं सांगा’ म्हणतात. साठलेलं बाहेर पडलं की माणूस सावरतो, हे आपल्याला इतकं पटलेलं असतं की ते तपासावं असंही वाटत नाही.

या सल्ल्याचं एक शास्त्रीय रूप आहे, त्याचं नाव डीब्रीफिंग. जेफ्री मिचेल यांनी ते १९८३ मध्ये अमेरिकेत मांडलं, मुळात अग्निशमन दलासारख्या आपत्कालीन सेवेतल्या लोकांसाठी. घटनेनंतर थोड्याच दिवसांत एकत्र बसायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते ठरावीक क्रमाने बोलायचं. पुढे ते कुणालाही, अगदी एकेकट्यालाही दिलं जाऊ लागलं. नंतर लोक ‘बरं वाटलं’ म्हणायचे, काही महिन्यांत बरेच जण सावरायचेही. मग उपाय लागू पडला म्हणायचं का?

थांबा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सांद्रो गालिया आणि सहकाऱ्यांनी मॅनहॅटनमध्ये फोनवरून सर्वेक्षणं केली. पाच ते आठ आठवड्यांनी सुमारे ७.५ टक्के लोकांत पीटीएसडीची लक्षणं दिसली. सहा महिन्यांनी हेच प्रमाण ०.६ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे मधल्या काळात सगळ्यांना अंगारा लावला असता, तर श्रेय अंगाऱ्याला गेलं असतं! म्हणून तुलनेसाठी दुसरा गट लागतो.

असा गट घेऊन बिसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर केलेला प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरा महिन्यांनी डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता, न मिळालेल्यांत ९ टक्क्यांना. वाचून धक्का बसतो, पण तोच पेपर पुढे वाचा : डीब्रीफिंगच्या गटातले रुग्ण सुरुवातीपासूनच जास्त भाजलेले होते. गट चिठ्ठ्या टाकून पाडले तरी छोट्या नमुन्यात असं होतं. फक्त गोषवारा वाचून टक्केवारी उचलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नंतर रस्ते अपघातातल्या जखमींचा तीन वर्षं पाठपुरावा झाला (मेयू, २०००). त्यात सुरुवातीला जास्त त्रास असलेल्यांपैकी ज्यांना डीब्रीफिंग मिळालं, त्यांचा त्रास रेंगाळला. ज्यांना मिळालं नाही ते सुधारले. कॉक्रेनच्या आढाव्यानेही सरसकट सगळ्यांना एका बैठकीचं डीब्रीफिंग देऊ नये असंच सांगितलं.

याचा अर्थ बोलूच नये असा नाही. बोलायचं कधी, कुणाशी आणि किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचार पुस्तिका हेच सांगते : आधी बघा, ऐका, आणि गरज असेल तिथे जोडून द्या. जखम उकरायला सांगत नाही. अंगावर पांघरूण आहे का, घरचे सापडले का, हे आधी.

वरचे दोन्ही प्रयोग एकेकट्या जखमींवरचे आहेत. अख्खं गाव कोसळतं तेव्हा आणखी एक गोष्ट बदलते. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासची गावं मातीत दगड रचून बांधलेल्या भिंतींखाली गाडली गेली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भाकरी आणणारा शेजारीही मयताच्याच घरातला! पुढे पन्नासहून जास्त गावं नव्या जागी वसली. रुंद, सरळ रस्ते आले, पण जुन्या गल्लीतली दाराला दार लागून असलेली घरं गेली. माझ्या मते सामूहिक दुःखात ‘मनावर काय परिणाम झाला’ याइतकंच ‘कुणाच्या शेजारी घर मिळालं’ हेही मोजायला हवं.

तुम्ही उद्या अशा गावात प्रश्नावली घेऊन जाल. तुमच्या आधी तलाठी, पत्रकार, दोन संस्था येऊन तेच विचारून गेलेल्या असतील. ‘त्या रात्री काय पाहिलंत’ हा प्रश्न तुमच्या संशोधनाला खरंच लागतो का, ते नीतिमत्ता समितीने विचारायच्या आधी स्वतःला विचारा. लागत असेल तर मधेच थांबायची मुभा आधीच, साध्या भाषेत सांगा. महिना उलटूनही कुणाला झोप नाही, कामाला हात लागत नाही, जगणं नको वाटतं असं दिसलं, तर फॉर्म बाजूला ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर छापून घ्या, आणि ते पान त्यांच्याकडेच राहू द्या.