चाळिशीत बदललेली पकड
गोल्फच्या मैदानातल्या बायका : भाग ४

मागच्या भागात लेडी मार्गारेट स्कॉट भेटली. ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा १८९३ साली सुरू झाली आणि पहिली तिन्ही वर्षं तिनेच जिंकली. मग खेळणंच सोडून दिलं. आजच्या नायिकेची गोष्ट नेमकी उलटी आहे. डोरोथी कॅम्पबेलने खेळ सोडला नाही, स्वतःची खेळण्याची पद्धत मात्र सोडली, आणि तीही चाळिशीला आल्यावर.

तिचा जन्म १८८३ चा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉर्थ बेरिकचा. एडिनबराच्या पूर्वेला समुद्राला लागून असलेलं हे गाव, आणि गोल्फ तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा. डोरोथीच्या हातात लहानपणीच काठी आली. किनाऱ्यावरच्या अशा मैदानांना ‘लिंक्स’ म्हणतात. जमीन वाळूची, टणक, उंचसखल. गवत आखूड आणि वारा सतत. चेंडू उंच उडवला की तो वाऱ्याच्या हवाली झाला. म्हणून तिथली मुलं ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत गवताजवळ आल्यावर चेंडू जेमतेम उचलून पुढे घरंगळत न्यायला शिकतात. या ‘चिप’ फटक्यावर डोरोथीची उभी कारकीर्द तोललेली आहे.

स्कॉटलंडची स्वतंत्र महिला स्पर्धा १९०३ मध्ये सुरू झाली. डोरोथीने ती १९०५, १९०६ आणि १९०८ साली जिंकली. १९०८ मध्ये सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश स्पर्धेची अंतिम लढत ती हरली, पण पुढच्याच वर्षी बर्कडेलला तिने ते विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी जहाजाने अमेरिका गाठून मेरियनला तिथलीही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. एकाच वर्षात दोन्ही देशांच्या विजेतेपदावर नाव कोरणारी ती पहिली महिला. १९१० मध्ये ती कॅनडात हॅमिल्टनला राहायला गेली. त्या वर्षी तिने अमेरिकेचं विजेतेपद राखलं, १९१० ते १९१२ सलग तीनदा कॅनडाचं मिळवलं, आणि मधल्या १९११ साली पोर्टरशला पुन्हा ब्रिटिश स्पर्धा जिंकली. हे सगळं हिकरीच्या लाकडी दांड्यांनी आणि घोट्यापर्यंतचा घागरा सावरत.

१९१३ मध्ये पिट्सबर्गच्या जॅक हर्ड यांच्याशी तिचं लग्न झालं. पुढची दहा वर्षं राष्ट्रीय विजेतेपदांच्या यादीत तिचं नाव दिसत नाही.

तोवर खेळ बदलला होता. अलेक्सा स्टर्लिंग, मग ग्लेना कॉलेट अशा मुली पुढे आल्या होत्या आणि लांब, जोरकस फटके मारत होत्या. डोरोथीची पकड जुन्या वळणाची होती. दांडा तळहातात धरायचा आणि सगळं अंग फिरवत झाडल्यासारखा फटका मारायचा. नव्या पिढीची पकड हॅरी वॉर्डनच्या नावाने ओळखली जाई. तिच्यात दांडा बोटांत राहतो आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर बसते, त्यामुळे दोन्ही हात एकजीव होऊन चालतात. वाचायला हा फरक किरकोळ वाटेल. पण तीस-पस्तीस वर्षं मुरलेली पकड मोडणं म्हणजे चाळिशीत पेन दुसऱ्या हातात घेऊन लिहायला बसण्यासारखं. ती एवढ्या स्पर्धा जिंकलेली बाई. जुन्या पुण्याईवर मिरवली असती तरी कुणी बोट ठेवलं नसतं. तिने पकडही बदलली आणि स्विंगही.

१९२४ ची अमेरिकन स्पर्धा ऱ्होड आयलंड कंट्री क्लबवर झाली, म्हणजे प्रॉव्हिडन्सच्या ग्लेना कॉलेटच्या जवळजवळ अंगणातच. कॉलेट त्या वर्षी हरतच नव्हती. उपांत्य फेरीत तिच्यासमोर मेरी ब्राउन होती, टेनिसमधली माजी राष्ट्रीय विजेती. अठरा होलनंतर बरोबरी झाली आणि एकोणिसाव्यावर ब्राउनचा पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे घरंगळत सोडलेला चेंडू, कॉलेटच्याच चेंडूवर आपटून होलमध्ये पडला. आज असं घडत नाही, कारण ग्रीनवर आड येणारा चेंडू खूण ठेवून उचलता येतो. तेव्हा दोन चेंडू अगदी खेटून नसतील, तर समोरच्याचा चेंडू आडवा असला तरी तसाच राही. याला ‘स्टायमी’ म्हणत. १९५२ च्या नियमांत ती प्रथा संपली.

अंतिम लढतीत डोरोथीने ब्राउनला ७ आणि ६ ने हरवलं, म्हणजे सहा होल शिल्लक असतानाच तिची आघाडी सात होलांची झाली. तिचं वय तेव्हा ४१. कॉलेट समोर आली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न रास्त आहे. पण एवढ्या एकतर्फी विजयाचं सगळं श्रेय नशिबाला देणं म्हणजे तिच्या मेहनतीवर पाणी ओतणं होईल.

नव्या स्विंगने तिला लांबी दिली, तरी भरवसा नॉर्थ बेरिकच्या चिपवरच राहिला. त्यासाठीच्या वाकड्या मानेच्या लोखंडी काठीला ती ‘थॉमस’ म्हणे, पटरला ‘स्टेला’. १९२६ मध्ये ऑगस्टा कंट्री क्लबवर तिने अठरा होलांच्या एका फेरीत अवघे १९ पट घेतले. दोन होल तर थेट चिप मारूनच संपवले. १९३८ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, अमेरिकेची ज्येष्ठ महिलांची स्पर्धाही तिने जिंकली. मार्च १९४५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या यमसी स्थानकावर गाडी बदलताना झालेल्या अपघातात तिचा मृत्यू झाला.

पुढच्या भागात पर्थची जेसी अँडरसन. तिचे वडील पोटासाठी गोल्फ शिकवत. मुलगी मात्र हौशी म्हणूनच तीनदा ब्रिटिश विजेती झाली, आणि १९६० मध्ये स्वतःही व्यावसायिक बनली.